थर वाळतो तेव्हा

मार्च महिना सरत आला की अमरावती-अकोल्याच्या गच्च्यांवर वाळवणे दिसू लागतात. शिजवलेल्या साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पिठाची दाट पेज प्लॅस्टिकच्या कागदावर पळीने घालायची, गोल पसरायची आणि उन्हात वाळू द्यायची. सकाळी घातलेल्या पळीपापडीकडे तासातासाने पाहिले तर बरेच काही दिसते. प्रथम कड वाळते; मधला भाग अजून ओलाच असतो. मग कड कागदापासून सुटते आणि वर वळते. दुपारपर्यंत पापडीची वाटी होऊ लागते, म्हणून घरातील बायका ती उलटून घालतात. जाड पडलेली एखादी पापडी मध्येच तडकते. पातळ पापड्या मात्र बहुधा अखंड राहतात.

सगळ्या पापड्या एकाच पेजेच्या, एकाच उन्हात ठेवलेल्या. मग त्या सगळीकडे सारख्या का वाळत नाहीत? कड आधी का वाळते? ती वरच का वळते, खाली का नाही? जाड पापडीच का तडकते? विद्यार्थ्याने हे प्रश्न विचारले, तर ‘पाणी उडून जाते म्हणून’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

शिजवलेल्या पेजेत पिष्टमयाचे लांबच लांब साखळीसारखे रेणू पाण्यात पसरलेले असतात. अशा साखळी-रेणूंच्या पदार्थांना आपण पॉलिमर किंवा बहुवारिके म्हणतो. मेळघाटात धावडा आणि सालई या झाडांपासून मिळणारा डिंक, बाभळीचा डिंक, कापसातील सेल्युलोज, थर्मोकोलमधील पॉलिस्टायरीन ही सर्व बहुवारिकेच. बहुवारिकाचे द्रावण पातळ पसरून वाळू दिले की द्रावक उडून जातो व मागे पापुद्रा उरतो. रंग, पॉलिश, फोटोची फिल्म, पाकिटावरचा डिंक अशा अनेक गोष्टी याच रीतीने तयार होतात किंवा होत असत. साध्या पाण्याचा थर वाळला की काहीच उरत नाही. बहुवारिकाचा थर मात्र हळूहळू घट्ट होत जातो व शेवटी गोठल्यासारखा होतो. त्यामुळे वाळताना त्यात जे घडले त्याची खूण त्याच्या अंगावर कायम राहते. वाळलेला थर कसा वाचायचा, हे या लेखात पाहू या.

त्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे. द्रावक उडून जातो तेव्हा थरावर एकाच वेळी तीन परिणाम होतात. थर थंड होतो, दाट होतो आणि आकसतो. या तीनही गोष्टी थरात सगळीकडे सारख्या होत नाहीत आणि प्रत्येकीची नक्षी वेगळी असते.

थंड होण्याची नक्षी : षटकोनी घरे

बाष्पीभवनाला उष्णता लागते आणि ती द्रवातूनच घेतली जाते. माठातले पाणी गार होते ते यामुळे, आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ज्याच्यावाचून भागत नाही तो वाळ्याचा कूलरही याच तत्त्वावर चालतो. हा परिणाम किती मोठा असतो याचा साधा हिशेब करू. एक ग्रॅम स्पिरिटची, म्हणजे इथिल अल्कोहोलची, वाफ व्हायला सुमारे ८४० ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच स्पिरिटचे तापमान एक अंश सेल्सिअसने बदलायला सुमारे २.४ ज्यूल पुरतात. म्हणजे थरातले केवळ एक टक्का स्पिरिट उडाले आणि बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर उरलेला थर सुमारे साडेतीन अंशांनी थंड होईल.

हा थंडावा पृष्ठभागावर निर्माण होतो. तळ तुलनेने उबदार राहतो. आता पृष्ठताणाचा विचार करावा. द्रव थंड झाला की त्याचा पृष्ठताण वाढतो. समजा, एखाद्या ठिकाणी तळचा थोडा उबदार द्रव योगायोगाने वर आला. तेथील पृष्ठताण आजूबाजूपेक्षा कमी होईल. भोवतालचा थंड, अधिक ताणाचा पृष्ठभाग त्या जागेवरचा द्रव चहूबाजूंना ओढून घेईल. जागा रिकामी तर राहू शकत नाही; म्हणून तळातून आणखी उबदार द्रव वर येईल. अशा रीतीने सुरुवातीचा किरकोळ फरक स्वतःला वाढवत नेतो. ओढलेला द्रव बाजूला जाऊन थंड होतो आणि खाली उतरतो. शेजारीशेजारी अशी अनेक अभिसरणे सुरू झाली की त्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी घरे दिसू लागतात. पृष्ठताणातील फरकामुळे होणाऱ्या या हालचालीला इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांचे नाव दिलेले आहे. त्यांचे या विषयावरील काम १८६५ सालचे आहे.

ही घरे प्रत्यक्ष पाहता येतात. लोखंडी खिडक्यांना देतात तो चंदेरी रंग थोडासा घ्यावा, त्यात बराच थिनर घालून तो पातळ करावा आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणात दोन-तीन मिलिमीटर खोल ओतावा. काही क्षणांत पृष्ठभागावर जाळे उमटते. रंगातले ॲल्युमिनियमचे चपटे कण प्रवाहाबरोबर वळतात, त्यामुळे प्रवाहाचा मार्ग चमकून दिसतो. थिनर ज्वालाग्राही असतो आणि त्याची वाफ अपायकारक असते. म्हणून हा प्रयोग शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करून दाखवावा.

नक्षी दिसली म्हणजे प्रयोग संपला असे मात्र समजू नये. आता झाकणावर काचेचा तुकडा ठेवावा. बाष्पीभवन जवळजवळ थांबते आणि जाळे विरत जाते. काच काढली की ते परत येते. म्हणजे नक्षीचे कारण बाष्पीभवन हेच आहे, याची खात्री झाली. त्यानंतर झाकणाच्या एका बाजूखाली नाणे ठेवून ते किंचित तिरपे करावे. उथळ बाजूची घरे लहान व खोल बाजूची घरे मोठी दिसतील. गणिताने असे निघते, की घरांमधील अंतर थराच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असावे. एक मिलिमीटरच्या थरात तीन मिलिमीटरची घरे. जाडी आणि नक्षीचे माप यांचे हे नाते लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

पळीपापडीवर अशी घरे का दिसत नाहीत, असे कोणी विचारील. पेज फार दाट असते. तिचा चिकटपणा प्रवाहाला वाहूच देत नाही. फार पातळ थरातही घरे उठत नाहीत, कारण वर-खाली तापमानाचा पुरेसा फरक टिकत नाही.

बरोबर उत्तर, पण दुसऱ्या प्रश्नाचे

या षटकोनी घरांचा इतिहास शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेनार यांनी १९०० साली व्हेल माशापासून मिळणारे मेण वितळवून त्याचा सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ थर खालून तापवला. वरचा पृष्ठभाग हवेला मोकळा होता. त्यांना अतिशय नीटनेटकी षटकोनी घरे दिसली. १९१६ साली लॉर्ड रॅले यांनी त्याची उपपत्ती मांडली. तळचा द्रव तापून हलका होतो व वर येतो, वरचा थंड व जड द्रव खाली जातो. चहाच्या पातेल्यातील अभिसरण आपण असेच शिकवतो. रॅले यांचे गणित निर्दोष होते, आणि बेनार यांच्या घरांचे हेच कारण असे पुढे अनेक वर्षे मानले गेले.

परंतु एक अडचण होती. रॅले यांच्या गणिताप्रमाणे इतक्या पातळ थरात हालचाल सुरू व्हायला तापमानाचा जेवढा फरक हवा, त्याहून फारच कमी फरकात बेनार यांची घरे उठत होती. १९५६ साली ब्लॉक यांनी अशा पातळ थरावर सिलिकोनचा एकरेणवीय पापुद्रा पसरून पाहिला. तापवणे तसेच चालू असूनही हालचाल थांबली. द्रव हलका होऊन वर येणे हे कारण असते, तर पृष्ठभागावरच्या त्या नगण्य पापुद्र्याने काही बिघडायला नको होते. १९५८ साली पिअर्सन यांनी पृष्ठताणावर आधारलेले गणित मांडले. त्यांनी वाळणाऱ्या रंगाचेही उदाहरण दिले. रंगाचा पृष्ठभाग वर असो की छताला दिलेल्या रंगासारखा खाली, घरे दोन्हीकडे दिसतात. छताच्या रंगात थंड, जड द्रव आधीच खाली असतो, म्हणजे वजनामुळे उलथापालथ होण्याचे कारणच नसते. तरीही घरे उमटतात.

रॅले यांचा सिद्धांत चुकीचा ठरला नाही. खोल थरांत तो लागू पडतो. मात्र ज्या ताटलीसाठी तो सांगितला गेला, त्या ताटलीत घडत होते ते वेगळेच. चित्र जुळले म्हणजे कारण जुळले असे होत नाही. कारण तपासायचे तर एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. काचेचे झाकण, तिरपी ताटली आणि छताचा रंग हीच अशी तपासणी.

ओल्या हवेची नक्षी : पांढरे पडलेले पॉलिश

थंड होण्याचा आणखी एक परिणाम आहे. पावसाळ्यात लाखेच्या पॉलिशचे काम काढू नये, असे सुतार सांगतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले हे पॉलिश उन्हाळ्यात काचेसारखे पारदर्शक वाळते, पण दमट दिवसांत ते दुधासारखे पांढरे पडते.

वऱ्हाडातल्या हवेचे आकडे घेऊन याचे कारण शोधू. मे महिन्यातील दुपारी तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर दवबिंदू तापमान सुमारे ११ अंश येते. पॉलिशचा थर ३२ अंशांनी थंड झाला तरच त्यावर दव पडेल, आणि असे सहसा होत नाही. जुलैमधील ढगाळ दिवशी तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे अवघ्या तीन अंशांचा फरक. एक टक्का स्पिरिट उडाल्याने होणारा थंडावा त्याला पुरतो हे आपण वर पाहिले आहे. हवेतील पाणी थरावर बारीक थेंबांच्या रूपाने जमते, लाखेला पाणी मानवत नाही, आणि थेंबांभोवती ती साकळते. थेंब उडून गेल्यावर राहणारी छिद्रे व कण प्रकाश विखुरतात, म्हणून थर पांढरा दिसतो. कूलर मे महिन्यात उत्तम चालतो आणि जुलैत निरुपयोगी ठरतो, तर पॉलिश मे महिन्यात चांगले आणि जुलैत वाईट, या दोन गोष्टींच्या मुळाशी हवेची आर्द्रताच आहे.

सुताराला नकोसा असणारा हा दोष शास्त्रज्ञांना उपयोगी वाटला. थंड काचेवर श्वास सोडला की उमटणाऱ्या सूक्ष्म थेंबांच्या रचनेवर रॅले यांनी १९११ सालीच लिहिले होते. १९९४ साली फ्रान्समध्ये विदाव्स्की, राविसो आणि फ्रान्स्वा यांनी एका खास प्रकारच्या पॉलिस्टायरीनचे द्रावण ओल्या हवेच्या झोतात वाळवले. तेव्हा काही मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान छिद्रांची, मधाच्या पोळ्यासारखी अत्यंत नियमित जाळी त्यांना मिळाली. प्रत्येक छिद्र म्हणजे एका दवबिंदूचा ठसा. बहुवारिकाचा पातळ पापुद्रा थेंबाभोवती जमून थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही, त्यामुळे ते सारख्या आकाराचे राहतात आणि दाटीवाटीने नीट रचले जातात. लाखेच्या पॉलिशमध्ये असे संरक्षण नसते, म्हणून तेथे नुसता पांढरेपणा येतो. अशा जाळ्यांचा उपयोग गाळण्यांसाठी आणि सजीव पेशी वाढवण्यासाठी करण्याचे प्रयत्न त्यानंतर अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत.

दाट होण्याची नक्षी : कडे आणि साय

आता पापडीच्या कडेकडे वळू. फरशीवर सांडलेला चहाचा थेंब वाळला की मधोमध फिका आणि कडेला गडद असा डाग पडतो. १९९७ साली शिकागो विद्यापीठातील डीगन, नॅगेल, विटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण स्पष्ट केले. थेंबाची कड फरशीला धरून बसते, ती आत सरकत नाही. कडेजवळच्या वाफेला निसटायला अधिक मोकळी जागा असते, म्हणून तेथे बाष्पीभवन जास्त होते. कड तर हलत नाही आणि तेथील पाणी वेगाने उडते. ती तूट भरून काढायला मधले पाणी सतत कडेकडे वाहते व जाताना चहाचे कण बरोबर नेते. त्या कणांचेच कडे तयार होते. पुढे २०११ साली असेही दिसून आले, की गोल कणांऐवजी लांबट कण घेतले तर ते पृष्ठभागावर एकमेकांत अडकतात आणि कडे उमटत नाही.

पळीपापडीची कड आधी वाळते तीही याच कारणाने. पेज दाट असल्याने कडेकडे होणारा प्रवाह मात्र फारच मंद असतो, म्हणून तेथे चहासारखे ठळक कडे दिसत नाही. वर्गात तीन थेंब शेजारीशेजारी वाळवून पाहावेत. एक चहाचा, एक पातळ डिंकात कालवलेल्या शाईचा आणि एक दाट डिंकात कालवलेल्या शाईचा. कडे कोठे ठळक आणि कोठे पुसट, हे विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवावे.

दाटपणाचा दुसरा परिणाम म्हणजे साय. पृष्ठभागावरून द्रावक वेगाने उडत असेल आणि आतला द्रावक तितक्या वेगाने वर पोहोचत नसेल, तर वरच्या बाजूला बहुवारिकाचे प्रमाण वाढत जाते. तेथे घट्ट पापुद्रा धरतो, आत मात्र द्रव असतो. उघड्या डब्यातील रंगावर धरणारी साय अशीच दिसते. नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी २००१ आणि २००२ साली वाळणाऱ्या बहुवारिक थरांचा विचार करताना या सायीकडे लक्ष वेधले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पॉलिस्टायरीनपेक्षा टोल्युइन या द्रावकाचा पृष्ठताण कमी असतो. म्हणून द्रावकाने समृद्ध असा प्रवाह तळातून वर आला की त्या जागी पृष्ठताण घटतो आणि प्रवाहाला आणखी जोर मिळतो. म्हणजे षटकोनी घरांमागे तापमानाबरोबरच दाटपणातील फरकही असू शकतो. अगदी विरळ द्रावणे सोडली तर हा दुसरा परिणामच मोठा असावा, असा त्यांचा अंदाज होता. हेही एका चित्रामागे दोन कारणे असण्याचेच उदाहरण.

आकसण्याची नक्षी : वळणे आणि तडकणे

पाणी गेले की पापडी आकसते. वरचा भाग आधी वाळतो, म्हणून आधी आकसतो. खालचा अजून ओला व फुगलेला असतो. लांबी कमी झालेली बाजू आत राहते व पापडी वरच्या बाजूला वळते. उलटून घातली की दुसरी बाजूही वाळते आणि पापडी पुष्कळशी सपाट होते.

कागद गुळगुळीत असेल तर पापडी त्यावरून सुटते आणि सबंध आकसते. खालच्या पृष्ठभागाने तिला धरून ठेवले तर मात्र तिला आकसता येत नाही. मग थर ताणला जातो आणि ताण सोसवेनासा झाला की तडकतो. काचेवर डिंकाचा जाड गोळा वाळवला तर त्यात भेगा पडतात, पातळ हात फिरवला तर पडत नाहीत. असे का व्हावे?

भेग थोडी पुढे सरकली की तिच्या दोन्ही बाजूंना, साधारण थराच्या जाडीच्या काही पट रुंदीच्या पट्ट्यात, ताण सैल होतो व साठलेली ऊर्जा सुटते. थराची जाडी दुप्पट केली तर तो पट्टाही दुप्पट रुंद आणि दुप्पट जाड होतो, म्हणजे सुटणारी ऊर्जा चौपट होते. भेगेची नवी भिंत तयार करायला लागणारी ऊर्जा मात्र दुप्पटच होते. त्यामुळे जाड थराला भेग परवडते, पातळ थराला परवडत नाही. एका ठरावीक जाडीच्या खाली थर तडकतच नाही. रंगाचा एक जाड हात देण्याऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत, या रंगाऱ्याच्या नियमामागे हेच गणित आहे.

यातून दुसरीही गोष्ट निघते. एका भेगेजवळचा ताण जाडीच्या काही पट अंतरापर्यंत सैल झालेला असतो, म्हणून पुढची भेग त्यापलीकडेच पडते. म्हणजे भेगांमधील अंतरही जाडीच्या प्रमाणात असते. ग्रोइसमन आणि कॅप्लान यांनी १९९४ साली पाण्यात कालवलेली कॉफीची पूड वाळवून हे मोजले. तळाचे घर्षण कमी केले तर भेगा आणखी दूर पडतात, हेही त्यांना दिसले. षटकोनी घरांचे कारण अगदी वेगळे, पण माप ठरवणारी जाडीच.

वऱ्हाडातला सर्वांत मोठा वाळणारा थर

हा नियम घेऊन आता गच्चीवरून शेतात जाऊ. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खोल काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पत्र्यांच्या थप्पीसारख्या रचनेची असते. पाणी त्या पत्र्यांमध्ये शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. ती बहुवारिक नव्हे, पण तळाने धरून ठेवलेला व वरून वाळणारा थर म्हणून तिला आकसण्याचे तेच नियम लागू पडतात. रस्त्याच्या कडेला डबक्यात साचलेला गाळ काही मिलिमीटर जाडीचा असतो. तो वाळला की लहान लहान खपल्या पडतात व पळीपापडीसारख्या वर वळतात. शेतात मात्र माती खोलवर वाळत जाते. म्हणून भेगा दूर दूर, पण रुंद आणि खोल पडतात. अर्धा मीटर खोलीवरही एक सेंटिमीटरहून रुंद असणाऱ्या भेगा ही अशा मातीची ओळखच मानली जाते.

या भेगांमुळे शेतकऱ्याचे काय होते, हे आकड्यांनी पाहू. समजा, भेगांनी जमिनीचे ५० सेंटिमीटर बाजूचे चौकोनी ठोकळे झाले आणि भेगाही ५० सेंटिमीटर खोल आहेत. ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ ०.२५ चौरस मीटर आणि चार भिंतींचे मिळून १ चौरस मीटर, म्हणजे चौपट. भेगेतली हवा स्थिर व दमट असल्याने भिंतींवरून बाष्पीभवन वरच्याइतक्या वेगाने होत नाही, हे खरे. पण वरून वाळत जाणाऱ्या जमिनीत जी ओल खाली सुरक्षित राहिली असती, तिला भेगेने बाहेरची वाट मिळते. शिवाय आकसणारी माती पिकाची मुळे तोडते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाण पट्ट्यात भूजल खारट असल्याने विहिरीचे पाणी पिकाला देणे बहुतेक ठिकाणी अवघड असते. तेथे पावसाने जमिनीत साठवलेली ओल हेच कपाशीचे व तुरीचे भांडवल.

पावसाची उघडीप पडली की वऱ्हाडातील शेतकरी पिकाच्या ओळींमधून डवरा फिरवतात. डवरणीने तण निघते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिचे दुसरे काम आपल्या विषयाचे आहे. वरची काही सेंटिमीटर माती मोकळी, भुसभुशीत होते व भेगांची तोंडे बुजतात. सलग थर उरला नाही की ताण साठत नाही. खालून वर चढणाऱ्या ओलीची सूक्ष्म वाटही तुटते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे म्हणतात ते यामुळेच. मात्र हे काम वाफसा असतानाच साधते. माती जास्त ओली असेल तर ढेकळे निघतात, आणि पूर्ण वाळल्यावर भेगा आधीच पडून गेलेल्या असतात.

भेगा केवळ तोट्याच्या असतात असेही नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिला पाऊस खोल उतरतो. वरची भुकटी माती भेगेत पडते, पुढच्या पावसात फुगते, आणि अशा रीतीने वर्षानुवर्षे ही जमीन स्वतःची उलथापालथ करत राहते.

वर्गासाठी

दोन सारखी ताटे घ्यावीत. एकाला आतून गोडे तेल चोळावे. दोन्हींत काळ्या मातीचा सारखाच गाळ ओतावा आणि दोन्ही ताटांच्या एका बाजूखाली पेन्सिल ठेवावी, म्हणजे गाळाची जाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वाढत जाईल. वाळल्यावर विद्यार्थ्यांनी पट्टीने जाडी आणि भेगांमधील अंतर मोजून आलेख काढावा. तेल लावलेल्या ताटात अंतर वाढले का, ते पाहावे.

मग भेगा जेथे मिळतात ते सांधे पाहावेत. पहिल्या वाळण्यात बहुतेक सांधे इंग्रजी टी अक्षरासारखे, काटकोनाचे असतात. आधी पडलेली भेग सरळ जाते व नंतरची तिला येऊन थांबते. त्यावरून कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची हे ओळखता येते. तेच ताट पुन्हा पुन्हा भिजवून वाळवले तर सांधे हळूहळू वाय अक्षरासारखे होऊ लागतात आणि तुकडे षटकोनाकडे झुकतात. गोअरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली चिकणमाती अनेकदा भिजवून-वाळवून हे दाखवले आहे.

येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे, ‘चंदेरी रंगातही षटकोन होते आणि आता मातीतही आहेत. मग दोन्हींचे कारण एकच का?’ उत्तर सांगण्याची घाई करू नये. काच झाकून पाहा, जाडी बदलून पाहा, तळाला तेल लावून पाहा, एवढेच सुचवावे. कोणता बदल कोणत्या नक्षीवर परिणाम करतो याचा तक्ता त्यांनी फळ्यावर मांडला, की दोन षटकोनांमधला फरक त्यांचा त्यांनाच दिसेल.